पावणेतीनला कोण उठवतं?

पत्र, थोडक्यात: नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय ४९. शेवटची पाळी सात महिन्यांपूर्वी आली, त्याआधी वर्षभर अनियमित होती. गेले आठ-नऊ महिने रात्री पावणेतीनच्या सुमारास जाग येते आणि मग पाचच्या गजरापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. कधी मान-पाठ घामाने भिजलेली असते, कधी नुसतीच जाग. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत. त्यांना थंडी वाजते, त्यामुळे पंख्यावरून रोज कुरबुर. नणंदेने दिलेली अल्प्राझोलम या गुंगीच्या औषधाची अर्धी गोळी तीन महिन्यांपासून चालू आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, अशी दोन हॉर्मोनची औषधं लिहून दिली, पण चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. कारण मावशीला ६८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि बहीण म्हणते, ‘हॉर्मोन्स म्हणजे कॅन्सरला आवतण.’ त्या विचारतात: ‘आईने काहीही न घेता हे दिवस काढले. नैसर्गिक गोष्टीला औषध कशाला? की मुलीची बारावी संपेपर्यंत कळ काढू आणि मग बघू?’

उत्तर:

तुम्ही पत्रात वेळा फार नेमक्या लिहिल्या आहेत. ‘दोन चाळीस, दोन पंचेचाळीस, परवा दोन अडतीस.’ म्हणजे जाग आली की तुमचा पहिला हात मोबाईलवर जातो. आणि एकदा वेळ दिसली की हिशोब सुरू: आत्ता लागली तरी सव्वादोन तास, मग डबे, मग पहिलाच तास नववी ब. असा हिशोब मांडून बसलेलं डोकं परत झोपत नाही. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी तुमच्या आईकडे येऊ.

‘आईने काही न घेता काढलं’ हे वाक्य मी तीस वर्षं ओपीडीत ऐकतेय, आणि बरीच वर्षं मीही त्यावर मान डोलावली. माझी आई पंचवटीतल्या वाड्यात राहायची. ऐन डिसेंबरात ती अंथरूण सोडून स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर पाठ टेकून पडायची, पदराने वारा घेत. आम्हा भावंडांना वाटायचं, हिची कंबर दुखतेय. पुढे पन्नाशीत मला स्वतःला पहिली वाफ आली, छातीतून निघून कानशिलांपर्यंत, तेव्हा मला ती फरशी आठवली. आई तोवर गेली होती. तुमच्या आई आहेत, तर एकदा विचारा त्यांना: तुला तेव्हा झोप लागायची का गं? काय सांगतील ते मला कळवा.

राहिला ‘नैसर्गिक’ हा शब्द. पाळी जाणं नैसर्गिकच आहे. आपल्याकडे ती साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होणंही तितकंच नैसर्गिक, आणि तरी तुम्ही चष्मा लावूनच वह्या तपासता. म्हणून प्रत्येकीने औषध घ्यावं असं मी म्हणत नाही. जिची झोप मोडत नाही, जिला वाफा सोसवतात, तिने खुशाल काही घेऊ नये. तुमचं तसं नाही. गेल्या महिन्यात स्कूटरवर सिग्नलला डुलकी लागली, असं तुम्हीच लिहिलंय.

आता मुद्द्याचं. तुमचा प्रश्न आहे, जेल लावू की नको. मला तो जरा अलीकडून विचारायचाय: पावणेतीनला तुम्हाला उठवतं कोण?

कारण ‘कधी घाम, कधी नुसतीच जाग’ या तुमच्या एका ओळीत दोन वेगळे आजार एकत्र राहताहेत. पहिला, वाफेचा. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो चालवून घेतो. इस्ट्रोजेन कमी झालं की त्याची ही सहनशक्ती आक्रसते. मग पांघरुणाच्या उबेनेही त्याला वाटतं आग लागली. तो त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, छाती धडधडायला लावतो. दोन-चार मिनिटांत घाम वाळतो आणि थंडी वाजायला लागते. कुकरच्या शिट्टीचं वजन हलकं झालं की जरा आचेवरही ती उडते, तसं. दुसरा आजार म्हणजे जागं राहायची शरीराला लागलेली सवय. काही महिने रोज त्याच वेळी जाग आली की वाफ नसलेल्या रात्रीही शरीर त्या वेळेला उठून बसतं. वाफेवर हॉर्मोन चालतं. सवयीवर ते फारसं चालत नाही. हे न ओळखता जेल सुरू केलंत, तर महिन्याने म्हणाल, ‘घाम थांबला पण झोप कुठे आली?’ आणि ट्यूब कपाटात जाईल.

म्हणून आजपासून दोन आठवडे एवढंच करा. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, जिथे दूधवाल्याचे खाडे मांडता, तिथेच सकाळी एक अक्षर लिहा. घामाने जाग आली तर ‘घ’. लघवीला उठलात आणि मग झोप गेली तर ‘ल’. डोक्यात विचार फिरत होते तर ‘व’. पायांत मुंग्या, वळवळ, पाय सारखे हलवावेसे वाटले तर ‘प’. नुसतीच जाग तर ‘न’. रात्री उठून लिहायचं नाही आणि वेळही लिहायची नाही.

आणि मिस्टरांना एक विचारा: मी घोरते का? मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, वाढतो आणि आपल्याकडे तो ओळखलाच जात नाही, कारण घोरणं हे पुरुषांचं खातं मानलंय. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रक्तदाब वाढलेला असेल तर झोपेची तपासणी करून घ्यायलाच हवी. ती आता घरी यंत्र लावूनही होते. ‘प’ची अक्षरं जास्त निघाली तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठा, तपासा, पाळी जाण्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांत अंगावरून फार गेलेलं असेल तर शरीरातलं लोह रिकामं झालेलं असतं. थायरॉइड मात्र सगळ्यांनीच तपासावं. जास्त काम करणारा थायरॉइडही घाम, धडधड आणि जाग अशीच सोंगं घेऊन येतो.

आता हॉर्मोन आणि कॅन्सर. बहिणीची भीती हवेतली नाही, तिला एक तारीख आहे. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि ‘हॉर्मोनने कॅन्सर होतो’ ही बातमी जगभर गेली. मीही त्या वेळी माझ्या बऱ्याच पेशंटच्या गोळ्या एका फटक्यात बंद केल्या. त्यातल्या काही जणींना त्या चालू ठेवायला हव्या होत्या, हे मला पुढे आकडे नीट वाचल्यावर कळलं. त्यांची माफी मागायची राहिलीय.

तर ते आकडे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा कृत्रिम प्रकार, एकत्र घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. १०,०००मध्ये ८. शून्य नाही, पण ‘आवतण’ म्हणावं इतकंही नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ज्यांनी फक्त इस्ट्रोजेन घेतलं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलाच नाही. आज सर्वसाधारण सल्ला असा आहे: वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खरोखर असेल आणि मनाई करण्यासारखं काही नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. तुम्ही ४९च्या आहात.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेली जोडीही त्या चाचणीतली नाही. तिथे गोळ्या होत्या. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतं. जेल मांडीवरून किंवा दंडावरून थेट रक्तात जातं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत तो धोका वाढलेला दिसत नाही. कॅप्सूलमधलं प्रोजेस्टेरॉन हे शरीरात बनतं तेच. निरीक्षणातून झालेल्या अभ्यासांत स्तनाच्या बाबतीत ते जुन्या कृत्रिम प्रकारापेक्षा सौम्य दिसलंय, पण वर्षं वाढतील तसा धोका थोडा वाढतोच. म्हणून दरवर्षी बसून ‘अजून गरज आहे का’ हे बघायचं.

आणि तुमच्या मावशी. आईच्या एका बहिणीला, तेही ६८व्या वर्षी झालेला कर्करोग एवढ्या एका कारणाने हे औषध नाकारलं जात नाही. आई किंवा सख्खी बहीण असती, घरात दोघी-तिघींना झाला असता, कुणाला चाळिशीच्या आत किंवा अंडाशयाचा झाला असता, तर मी वेगळं बोलले असते आणि जनुकीय तपासणीचा विषय काढला असता. मावशींबद्दल डॉक्टरांना सांगितलंत का, ते पत्रात नाही. नसेल तर सांगा. मॅमोग्राफी, पोटाची सोनोग्राफी, रक्तदाब, साखर, चरबी एवढं करूनच सुरुवात करा. ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालीय, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालाय, यकृताचा आजार चालू आहे किंवा अंगावरून कारण न समजता रक्त जातंय, त्यांना हे औषध नाही. त्यांच्या वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेन्टिन यांसारखी वेगळी औषधं आहेत. ती हॉर्मोन नाहीत, आणि तीही डॉक्टरांनीच द्यायची.

अपेक्षा काय ठेवायची, तर वाफा साधारण तीन-चतुर्थांश कमी होतात. फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवायला लागतो, खरा अंदाज तीन महिन्यांनी येतो. प्रोजेस्टेरॉन मुळात गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी देतात. एकटं इस्ट्रोजेन दिलं तर ते अस्तर जाड होतं आणि तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ‘जेल लावते, कॅप्सूल राहू दे’ असं करायचं नाही. या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची. तुमच्यासारखीला हा दुष्परिणाम फायद्याचाच. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. आपल्याकडे कूट कशात नसतं म्हणा, पण ॲलर्जी असेल तर आधी सांगा. तुमची पाळी जाऊन अजून बारा महिने झालेले नाहीत, तेव्हा कॅप्सूल रोज घ्यायची की महिन्यातले बारा-चौदा दिवस, हे विचारून घ्या. दुसऱ्या पद्धतीत पुन्हा पाळीसारखं रक्त जाईल, घाबरायचं नाही. आणि हे गर्भनिरोधक नव्हे. ४९व्या वर्षी हसू येईल, पण ओपीडीत मी त्या हसण्याचं रडणं झालेलं पाहिलंय.

नणंदेच्या गोळीवर मात्र मी जरा कडक बोलणार आहे. अल्प्राझोलम चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नसलेलं औषध आहे आणि ते घराघरांत वाटाणे-फुटाण्यांसारखं फिरतं. पहिले काही दिवस छान झोप लागते. मग शरीर सरावतं, अर्धीची एक होते, आणि एखाद्या रात्री विसरलात तर आधीपेक्षा वाईट रात्र जाते, म्हणून वाटतं की हिच्याशिवाय आपलं खरं नाही. वाफेवर तिचा काही इलाज नाही. रात्री बाथरूमला जाताना तोल जातो तो वेगळाच. पण तीन महिने झालेत, तेव्हा आज वाचून उद्या बंद करू नका! एकदम सोडली तर त्रास होतो. तुमच्या डॉक्टरांना खरं सांगा, त्या आठवड्या-आठवड्याने उतरवून देतील. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यांना गोळी माहीत नसेल तर त्या कॅप्सूल देतील आणि दोन्हींची गुंगी एकावर एक चढेल.

घरगुती उपायांचं विचारलंत. जायफळ उगाळून दुधात चिमूटभर, जरूर घ्या; माझी आजीही द्यायची. चमचाभर घालू नका, जास्त जायफळ विषारी असतं. अश्वगंधाने काही जणींना झोपेत थोडा फरक पडतो, पण तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडचं औषध चालू असेल तर गोंधळ होतो. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. शतावरीने झोप येते असा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. सोयाबीन जेवणात असू द्या, त्याच्या महागड्या गोळ्या नकोत. आणि तुमच्या दिरांनी सुचवलेली रात्रीची ग्लासभर वाईन: द्राक्षांच्या गावात राहून हे लिहिणं जिवावर येतं, पण वाईनने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप मोडते, शिवाय वाफाही भडकतात. नेमकी तुमचीच वेळ. चहा दुपारी दोननंतर नको. मिसळ रविवारी सकाळी खा, रात्रीच्या जेवणात तर्री नको.

आता सवयीच्या आजाराकडे. यावर जगभर पहिला इलाज म्हणून झोपेसाठीचा वर्तनोपचार सांगतात, आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांवर तो फोनवरून शिकवूनही उपयोगी पडलाय. तो थोडा उफराटा वाटतो. तुम्ही दहाला अंथरुणात जाता, पाचला उठता, म्हणजे सात तास. त्यात झोप होते साडेचार-पाच तास. उरलेले दोन तास अंथरुणात कूस बदलत जातात आणि शरीर शिकतं की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे. म्हणून काही आठवडे सव्वाअकराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही. उठायचं मात्र पाचलाच, रविवारीही, रात्र कशीही गेली तरी. दुपारची डुलकी बंद. आठवडाभर बहुतेक वेळ झोपेत जायला लागला की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, मग आणखी पंधरा. साडेपाच तासांच्या खाली मात्र कधी जायचं नाही. पहिला आठवडा वाईट जाईल. त्या आठवड्यात स्कूटर नको, रिक्षाने शाळेत जा. फिट्स किंवा बायपोलरचा आजार असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये.

मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटं गेल्यासारखी वाटली, की उठा. घड्याळ बघायचं नाही, अंदाजानेच. हॉलमध्ये मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. माझ्या एका पेशंटने यासाठी लसूण सोलायला घेतला. महिनाभरात झोप सुधारली, लसणाची चटणी मात्र शेजाऱ्यांत वाटावी लागली. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवा.

पंख्याचं भांडण सगळ्यांत सोपं आहे. एक दुलई दोघांत ही पद्धत बंद करा. मिस्टरांना त्यांची गोधडी, तुम्हाला सुती चादर, आणि छोटा टेबल फॅन फक्त तुमच्या बाजूला. अंगात सैल सुती गाऊन, उशाशी तांब्या आणि ओला नॅपकिन. निफाडचा पारा चार-पाचवर आला तरी खिडकीची एक फट उघडी राहू द्या. आणि मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांना अजून वाटत असेल की तुम्ही चिडचिड करता म्हणून तुम्हाला गरम होतं.

याच वळणाची पत्रं दिंडोरी, सिन्नरहूनही येतात. त्यात निम्म्या तरी लिहितात, ‘पिशवी अडतिसाव्या वर्षीच काढली.’ त्यांच्यासाठी: गर्भाशय नसेल तर सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही, एकटं इस्ट्रोजेन चालतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर हे औषध केवळ झोपेपुरतं नाही. हाडं आणि हृदय यांसाठीही साधारण पाळी जायच्या वयापर्यंत ते घ्यावं असा सल्ला असतो. तेव्हा ऑपरेशनचे कागद शोधा आणि काय-काय काढलं ते वाचून घ्या, अनेकींना ते माहीतच नसतं. पैशांची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये स्त्रीरोगाची आणि मानसोपचाराची, दोन्ही ओपीडी आहेत. आणि रात्रीची जाग उदासीकडे, रडण्याकडे, ‘नको हे जगणं’कडे जात असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही, मराठीतून, फुकट बोलता येतं. रात्री पावणेतीनलाही.

शेवटचा प्रश्न बारावीचा. परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. तपासण्यांना आठवडा, जेलला महिना, सवयीला दोन महिने धरले तर आत्ता सुरू केलेलं तिच्या परीक्षेच्या तोंडावर उपयोगी येईल. तिला पहाटे पाचला अभ्यासाला तुम्हीच उठवता ना? मग तुमची उठायची वेळ ठरलेलीच आहे. रात्री मात्र ती बसलीय म्हणून तुम्ही तिच्या शेजारी पलंगावर आडव्या होऊन पेंगता, असं लिहिलंत. ती सोबत सव्वाअकरापर्यंत खुर्चीत, जाग्या बसून करा.